जुना एक्झॉस्ट घेताना आधी पाइपच्या आत डोकवा

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटरच पाणी तयार होतं. एक्झॉस्ट चांगला तापलेला असेल तर ते वाफ होऊन मागच्या नळीतून निघून जातं. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरत असेल तर मागचा डबा, म्हणजे सायलेन्सर, पुरता तापतच नाही. वाफेचं पाणी होतं, डब्याच्या तळाशी साचतं आणि धुरातली आम्लं सोबत घेऊन पत्रा खात बसतं. म्हणून ४० हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचा सायलेन्सर, हायवेवर दीड लाख किलोमीटर पळालेल्या गाडीच्या सायलेन्सरपेक्षा जास्त सडलेला निघू शकतो. विकणारा किलोमीटरचा आकडा सांगतो, बाहेरून तारेच्या ब्रशने घासून चंदेरी रंग मारलेला पाइप दाखवतो. या दोन्हींवरून आतल्या पत्र्याबद्दल काहीच कळत नाही.

सोबत काय न्यायचं ते आधी: प्रखर बॅटरी, छोटा चुंबक, टोकदार पेचकस, वर्निअर नाहीतर दोरा आणि पट्टी, हातमोजे, आणि जमल्यास मोबाइलला जोडायचा बोअरस्कोप कॅमेरा. ५-६ मि.मी. जाडीचा कॅमेरा ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या) भोकातून आरामात आत जातो. जुन्या एक्झॉस्टच्या खरेदीत एवढं उपयोगी दुसरं हत्यार नाही.

कोणता भाग जुना चालतो, कोणता नाही

डोळे झाकून म्हणत नाही, पण सगळ्यात कमी धोक्याचा भाग म्हणजे ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड, इंजिनच्या सगळ्या सिलिंडरांचा धूर एका नळीत आणणारा पहिला भाग. तो जाड असतो, गंजला तरी वरवर गंजतो, आणि तडा किंवा वाक नसेल तर पुढची कित्येक वर्षं काम देतो. त्याच्या खालोखाल उष्णता अडवणारं हीट शील्ड, ब्रॅकेट आणि कंपनीचा स्टेनलेस डाउनपाइप (मॅनिफोल्डनंतरची नळी). हीट शील्ड तर आवर्जून जुनंच शोधावं. साधा पातळ पत्रा असतो, पण नवीन घ्यायला गेलं की किंमत ऐकून माणूस गप्प होतो.

हौशी मालक नव्या गाडीचा मूळ एक्झॉस्ट उतरवून स्पोर्ट्स एक्झॉस्ट बसवतात, तेव्हा मूळ माल बाजारात येतो. त्याला टेक-ऑफ म्हणतात. जुन्या मालात याच्याइतकं चांगलं काही मिळत नाही: कंपनीचा भाग, कमी वापर, आणि बहुतेकदा न कापता नट-बोल्ट खोलून काढलेला.

ऑक्सिजन सेन्सर, फ्लेक्स पाइप (इंजिनचं हलणं सोसणारा लवचिक तुकडा), गॅस्केट, रबरी हँगर, क्लॅम्प आणि स्प्रिंगचे बोल्ट मात्र जुने घेऊ नका. सेन्सर झिजणारी वस्तू आहे. कॅटच्या (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधीचा सेन्सर सुस्त झाला की इंधनाचं गणित बिघडतं आणि त्याची शिक्षा कॅटला होते. पाइपसोबत सेन्सर आपोआप आला तर आला, त्याचे वेगळे पैसे मोजू नका. पाइपला घट्ट जाम बसलेला जुना सेन्सर तर डोकेदुखीच. तो काढताना भोकाचे आटे निघून येतात.

साध्या पत्र्याच्या मागच्या डब्याचा हिशेब सोपा आहे. दुसऱ्या कंपनीचा नवा डबा केवढ्याला मिळतो ते आधी विचारा. जुन्याची किंमत त्याच्या निम्म्याहून जास्त असेल तर नवा घ्या. मजुरी दोन्हीला तेवढीच लागते आणि जुना दोन वर्षांत बाद झाला तर तीच मजुरी पुन्हा. कॅट आणि डीपीएफ (डिझेल गाडीतली काजळी अडवणारी गाळणी) या दोघांचं प्रकरण वेगळं आहे, ते पुढे.

ती गाडी भंगारात का आली?

भाग बघण्याआधी गाडी बघा. गाडी समोर नसेल तर हा प्रश्न नक्की विचारा, कारण उत्तरावरून अर्धी परीक्षा होऊन जाते.

समोरून धडकलेली गाडी असेल तर कॅटच्या मागचा सगळा भाग बहुधा शाबूत असतो, डाउनपाइप आणि मॅनिफोल्ड मात्र तपासून घ्या. मागून धडकलेल्या गाडीत उलटं वाटतं खरं, पण तिथे पुढचा भागही संशयाचा. मागचा डबा पुढे ढकलला जातो, पूर्ण नळी दांड्यासारखी पुढे सरकते आणि धक्का फ्लेक्स आणि मॅनिफोल्डच्या फ्लँजपर्यंत (नळ्या बोल्टने जोडायच्या चपट्या कडेपर्यंत) पोचतो. बाहेरून सरळ दिसणाऱ्या फ्लँजला वेल्डिंगच्या कडेने केसाएवढा तडा असतो.

इंजिन बसलं म्हणून भंगारात आलेल्या गाडीचा कॅट घेऊ नका. ते इंजिन बसण्याआधी काही महिने तेल तरी जाळत असणार, कूलंट तरी पीत असणार, नाहीतर मिसिंग तरी मारत असणार, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधलं इंधन न जळताच बाहेर पडत असणार. तिन्ही गोष्टी कॅटला मारक आहेत. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीचा डबा गाळाने भरलेला असू शकतो. समुद्रकाठच्या आणि बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात अशा भागातल्या गाड्यांचा साधा पत्रा बघायलाही वेळ घालवू नका.

जुळणी: नंबर, मग मापं

मॉडेलचं नाव आणि वर्ष सांगून एक्झॉस्ट मागणं म्हणजे नुसतं आडनाव सांगून घर शोधणं. एकाच वर्षाच्या एकाच मॉडेलमध्ये इंजिन वेगळं, उत्सर्जनाचा टप्पा वेगळा, गिअरबॉक्स वेगळा, दोन चाकांना की चारही चाकांना जोर जातो हे वेगळं. या प्रत्येकाने पाइपचं वळण बदलू शकतं. सेडान आणि स्टेशन वॅगनच्या मागच्या नळीची लांबी वेगळी असते. डाव्या आणि उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांचा डाउनपाइपही कधीकधी वेगळा असतो, कारण स्टिअरिंगचा दांडा वाटेत येतो. परदेशातून आलेला माल घेताना हे हमखास विसरलं जातं.

त्यामुळे आपल्या गाडीच्या चॅसिस नंबरवरून कंपनीचा पार्ट नंबर काढा आणि भागावरचा नंबर त्याच्याशी ताडून बघा. तो डब्याच्या किंवा कॅटच्या अंगावर ठोकलेला, कोरलेला, किंवा छोट्या पट्टीवर असतो. गंजाखाली असेल तर ओल्या फडक्याने पुसून त्यावर तिरकी बॅटरी मारा, अक्षरं उठून दिसतात. शेवटची एक-दोन अक्षरंसुद्धा जुळवा. भाग सुधारला की कंपनी तिथेच बदल करते.

नंबर सापडलाच नाही तर मापं घ्या. पाइपचा बाहेरचा व्यास, फ्लँजच्या भोकांमधलं अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंत, भोकं किती, दोन फ्लँजमधली एकूण लांबी, सेन्सरची भोकं किती आणि कोणत्या दिशेला, हँगरच्या सळया कुठे. वर्निअर नसेल तर पाइपभोवती दोरा गुंडाळून परीघ मोजा आणि ३.१४ ने भागा. १६० मि.मी. परीघ आला तर व्यास ५१ मि.मी., म्हणजे दोन इंची पाइप. एकात एक सरकणाऱ्या जोडात आतल्या पाइपचा बाहेरचा व्यास आणि बाहेरच्या पाइपचा आतला व्यास जुळायला हवा. त्यात १ मि.मी.पेक्षा जास्त फट राहिली तर क्लॅम्प कितीही आवळला तरी जोड फुसफुसणारच. पाइप एकमेकांत निदान ४०-५० मि.मी. शिरले पाहिजेत.

सेन्सरच्या भोकांकडे जरा जास्त लक्ष द्या. बहुतेक गाड्यांत आटे एम १८ × १.५ असतात. सोबत एक जुना सेन्सर नेऊन हातानेच फिरवून बघा. तीन-चार फेरे हाताने गेला तर आटे ठीक, पहिल्याच फेऱ्यात अडला तर आटे पाडायचा टॅप फिरवावा लागणार.

चुंबकाचा घोटाळा

चुंबक चिकटला की साधं लोखंड, नाही चिकटला की स्टेनलेस, असं सर्रास सांगितलं जातं. अर्धं खरं आहे. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही, फक्त वळणावर जिथे पाइप दाबून वाकवलेला असतो तिथे किंचित ओढ लागते. पण अनेक कंपन्या ४०९ ग्रेडचं स्टेनलेस वापरतात आणि त्याला चुंबक चांगला चिकटतो. त्यावर तपकिरी गंजही चढतो, पण तो वरवरचा असतो. अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या साध्या पोलादालाही चुंबक चिकटतो. ते दिसतं करडं-पांढुरकं, आणि गंजतं आधी वेल्डिंगपाशी, कारण तिथला मुलामा जळून गेलेला असतो.

म्हणजे चुंबक चिकटला नाही तर आनंद माना, चिकटला तर निर्णय पेचकसाने घ्या. वेल्डिंगच्या कडेला, डब्याच्या शिवणीवर आणि हँगरची सळई जिथे जोडली आहे तिथे टोक दाबून बघा. पत्रा दबला किंवा पापुद्रे सुटले तर ठेवून द्या. नुसते लाल डाग पडून खाली कडक लागत असेल तर चालेल.

मॅनिफोल्ड आणि डाउनपाइप

मॅनिफोल्ड दोरीला किंवा बोटाला टांगून छोट्या हातोडीने हलकेच ठोका. धड असेल तर घंटेसारखा नाद घुमतो, तडा असेल तर फुटक्या मडक्यासारखा आवाज येतो. मग डोळ्यांनी बघा: दोन नळ्या जिथे एकत्र येतात तो कोपरा, फ्लँजचे कान, सेन्सरच्या भोकाभोवती. तड्यातून धूर निघत असेल तर बाहेरच्या अंगाला काजळीची बारीक रेघ असते. घासून रंगवलेल्या मॅनिफोल्डवर ती रेघ दिसणार नाही, म्हणून रंगवलेला माल शक्यतो नकोच.

हेडला बसणाऱ्या बाजूवर सरळ धारेची पट्टी उभी धरा आणि फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) फट मोजा. किती वाक चालतो हे त्या इंजिनच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. जास्त असेल तर पृष्ठभाग यंत्रावर सपाट करून घेता येतो, त्याची मजुरी भावात धरा. तुटलेला स्टड आत राहिला असेल तर तोही खर्चच. टर्बोच्या मॅनिफोल्डमध्ये आतल्या मधल्या भिंतीला बारीक तडे बऱ्याचदा दिसतात. ते आतल्या आत असतील तर गाडी चालते, बाहेरच्या भिंतीपर्यंत आले असतील तर सोडून द्या.

डाउनपाइपचा फ्लँज गंजाने खाल्ला जातो. कडेला जाडी निम्मी झालेली असते आणि बोल्ट आवळला की तो वाकतो. गोल गॅस्केट बसते ती बसकण गुळगुळीत हवी. बोट फिरवून खड्डे लागले तर नवी गॅस्केटही गळेल.

डाउनपाइप चांगला आणि त्यातला फ्लेक्स फाटलेला, असं नेहमीच सापडतं. त्यावरून भाग नाकारू नका, भाव पाडून घ्या. फ्लेक्स कापून त्याच व्यासाचा आणि लांबीचा नवा वेल्ड करता येतो. बाहेरच्या विणलेल्या जाळीच्या तारा तुटून केसांसारख्या उभ्या राहिल्या असतील किंवा जाळी काजळीने काळी पडली असेल तर आतली घडी फाटलेली आहे असंच समजा. आणि आपल्या गाडीचा फ्लेक्स फाटून हे सगळं सुरू झालं असेल तर आधी इंजिनचे माउंट (इंजिन पेलणारे रबरी आधार) बघा. माउंट बसले की इंजिन हलतं, आणि ते हलणं सगळं फ्लेक्सवर येतं. नवा फ्लेक्सही त्याच वाटेने जाईल.

कॅट: दिसतं तेवढं पुरत नाही

कॅटच्या डब्यात मधमाशीच्या पोळ्यासारखी वीट असते, बहुतेक गाड्यांत सिरॅमिकची. एका चौरस सेंटीमीटरला साधारण ६० बारीक वाटा, आणि त्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियमचा अतिशय पातळ थर. काम सुरू व्हायला २५०-३०० अंश सेल्सिअस लागतात. इंजिन मिसिंग मारायला लागलं की न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये येऊन जळतं, तापमान हजारावर जातं, थर निकामी होतो, आणि मिसिंग तसंच चालू राहिलं तर वीटच वितळून बसते.

पहिली परीक्षा कानाची. कॅट दोन्ही हातांत धरून हलवा. आत खडखड वाजलं तर वीट सुटली किंवा फुटली आहे, पुढे बघायची गरज नाही. नंतर एका तोंडातून बॅटरी मारून दुसऱ्या तोंडातून बघा. सगळ्या वाटांतून उजेड सारखा दिसला पाहिजे. एखाद्या बाजूला अंधार असेल तर तिथे वाटा बुजल्या आहेत. काचेसारखा चकचकीत गोळा दिसला तर तिथे वीट वितळली आहे. दोन विटा असलेल्या कॅटमध्ये किंवा पाइपला वळण असेल तर उजेड आरपार दिसणारच नाही, तिथे सेन्सरच्या भोकातून बोअरस्कोप घाला.

विटेचा रंग फिकट करडा किंवा बदामी असेल तर उत्तम. ओलसर काळी काजळी म्हणजे ते इंजिन जास्त पेट्रोल पीत होतं किंवा तेल जाळत होतं. पांढुरके थर बसले असतील तर कूलंटचा संशय धरा. बाहेरचं कवच जांभळं-निळं पडलं असेल तर कॅट प्रमाणाबाहेर तापून गेला आहे.

आता फसवणुकीकडे. आतली वीट काढून विकायची आणि रिकामा डबा पुन्हा वेल्ड करून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचा, हा जुना धंदा आहे. कवचावर कंपनीच्या शिवणीखेरीज दुसरा, हाताने मारलेला वेल्डिंगचा टाका आडवा गेलेला दिसला तर थांबा. वजनानेही कळतं, रिकामा डबा हाताला हलका लागतो. शिवाय साधा विचार करा: विटेतल्या धातूंसाठी भंगारवाला कॅटला चांगला भाव देतो. त्या भंगाराच्या भावापेक्षाही स्वस्तात कुणी चालू कॅट देत असेल तर तो रिकामा तरी आहे, नाहीतर चोरीचा. दोन्ही टोकांना ताजी करवतीची काप, सोबत गाडी नाही, कागद नाही, असा कॅट घेऊ नका. चोरीचा माल सापडला तर माल जातो, पैसे जातात आणि चौकशीही मागे लागते. पावतीवर मूळ गाडीचा चॅसिस नंबर लिहून घ्या.

कायद्याचाही प्रश्न आहे. जुना कॅट विकणं आणि बसवणं काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी चाचणी करून शिक्का मारलेलाच चालतो, आणि अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियासारख्या राज्यात अजिबातच चालत नाही. आपल्याकडचा नियम खरेदीआधी बघून घ्या.

एवढं सगळं ठीक निघालं तरी कॅट मेलेला असू शकतो. इंजिन ऑइलमधलं फॉस्फरस आणि जस्त त्या पातळ थरावर बसतं आणि तो झाकून टाकतं. हे डोळ्यांना दिसत नाही, पाण्याने किंवा डिटर्जंटने धुऊन जात नाही. उलट धुऊन चकाचक केलेला कॅट असेल तर काजळीचा आणि तेलाचा पुरावा कुणीतरी पुसलाय एवढं समजा. खरी परीक्षा गाडीवरच होते. म्हणून परतीची बोली करून घ्या: कॅटची कार्यक्षमता कमी असल्याचा पी ०४२० हा कोड पुन्हा आला तर माल परत. मुदत दोन दिवसांची नको. कोड पुसल्यावर गाडीचा संगणक कॅटची तपासणी पूर्ण करायला थंड इंजिनपासून सुरुवात, शहरातलं आणि सलग वेगातलं चालणं, असं बरंच काही मागतो. दोन आठवडे तरी हवेत.

आणि तुमचा आधीचा कॅट का गेला ते शोधल्याशिवाय दुसरा बसवू नका. प्लग, कॉइल, इंजेक्टर, तेलाचा खप, आधी यांचा निकाल लावा.

डीपीएफ

डिझेल गाडीच्या डीपीएफमध्ये काजळी अडते आणि साधारण ६०० अंशांवर जळून जाते. पण तेलातून आलेली राख जळत नाही, ती आयुष्यभर साठत राहते. म्हणून इथे मात्र किलोमीटर महत्त्वाचे. दीड-दोन लाख चाललेल्या गाडीचा न धुतलेला डीपीएफ म्हणजे दुसऱ्याच्या राखेचे पैसे.

तपासायचं ते मागचं तोंड. धूर बाहेर पडतो ती बाजू स्वच्छ, फिकट असली पाहिजे. बोट फिरवल्यावर काळं आलं तर आतली भिंत फुटली आहे आणि काजळी गाळलीच जात नाहीये. धुऊन दिलाय असं सांगत असतील तर धुण्याआधीचं आणि नंतरचं वजन किंवा दाबातला फरक लिहिलेला कागद मागा. नुसत्या प्रेशर वॉशरने फवारलेल्याला धुणं म्हणत नाहीत. दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या दोन बारीक नळ्या शाबूत आहेत का तेही बघा, काढताना याच पिळवटून तुटतात. बसवल्यावर स्कॅनरने संगणकातली राखेची नोंद बदलावी लागते, नाहीतर गाडी जुन्याच हिशेबाने वागत राहते.

सायलेन्सरचा डबा

उचला, उभा धरा, हलवा. टोकातून गंजाचे पोपडे गळाले तर आतले पडदे सडले आहेत. धातूचा खणखण आवाज आला तर पडदा सुटला आहे. पेचकसाच्या मुठीने तळाशी ठोका: टणटणीत आवाज चांगला, बद्द आवाज वाईट. डब्याच्या तळाला कडेशी एकच बारीक, गोल, नीट पाडलेलं भोक असेल तर घाबरू नका, पाणी निघून जावं म्हणून ते कंपनीनेच ठेवलेलं असतं. वेडंवाकडं, कडा पातळ झालेलं भोक मात्र गंजाचं.

पुटी भरून वर रंग मारलेला डबाही फिरतो. चुंबक अंगावरून सरकवत न्या. मध्येच एखाद्या ठिकाणी पकड सुटली तर तिथे पत्रा नाही, पुटी आहे.

काढून घेताना

स्वतः काढणार असाल तर आदल्या दिवशी सगळ्या नट-बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलेलं बरं. नट सोडवण्याआधी किंचित आवळा, गंजाची पकड मोडते आणि मग उलटा फिरवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच जाऊ नका. गाडीखाली काम करताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच, गंजाचा चुरा थेट डोळ्यांत पडतो. जुन्या गाड्यांच्या गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ती कोरडी खरवडू नका, ओली करून काढा.

कापावंच लागलं तर जोडापासून ७५-१०० मि.मी. पाइप जास्तीचा सोडून कापा. नंतर कमी करता येतो, वाढवता येत नाही. मागचा डबा पेट्रोलच्या टाकीला खेटून असतो, तिथे ग्राइंडर लावून ठिणग्या उडवू नका, हाताची करवत किंवा साखळीचा पाइप कटर वापरा. ब्रॅकेट, शील्ड, नट सगळं एका पिशवीत घ्या. तो वाकडा छोटा ब्रॅकेट नंतर कुठेच मिळत नाही.

दुरून मागवत असाल तर हे फोटो मागा: दोन्ही टोकांच्या आतले, फ्लँज समोरून, डब्याचा तळ, नंबरची पट्टी, आणि मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेला पूर्ण भाग. आतला फोटो पाठवायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

बसवणं आणि गळती शोधणं

गॅस्केट, रबर, क्लॅम्प, स्टड नवे. सेन्सरच्या पुढेमागे साधं सिलिकॉन सीलंट लावू नका, त्याच्या वाफेने सेन्सर आणि कॅट दोन्ही बाद होतात. गाडीवरच वेल्डिंग करायचं तर बॅटरीची तार सोडा, सेन्सर काढा आणि अर्थचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावा. स्टेनलेस साध्या पोलादाला जोडताना ३०९एल तार वापरा.

पूर्ण एक्झॉस्ट आधी सैल टांगा, नळी कुठे घासत नाही ना बघा, आणि मग पुढून मागे आवळत या. पुढे-मागे सरकायला जागा ठेवा. तीन मीटरची नळी सरासरी ३०० अंशांनी तापली तर साध्या पोलादाची सुमारे ११ मि.मी. आणि ३०४ ची १५-१६ मि.मी. लांबते. थंड असताना रबरं ताणून बसवली तर गरम झाल्यावर डबा बंपरला टेकतो आणि मग खडखड कुठून येते ते शोधत बसावं लागतं.

गळती थंड इंजिनवर शोधा आणि उघड्यावरच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू करून हे काम करायचं नाही. एकाने जाड फडकं हातमोज्याने मागच्या नळीवर काही सेकंद धरायचं, दुसऱ्याने जोडांवर साबणाचं पाणी मारून बुडबुडे बघायचे. सेन्सरच्या आधीच्या जोडाला सगळ्यात जास्त वेळ द्या. तिथल्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि संगणक उगाच जास्त पेट्रोल सोडतो.

जुना कॅट किंवा डबा बसवल्यावर गाडी ओढत नसेल तर पुढच्या सेन्सरच्या भोकात दाबमापक लावा. पेट्रोल गाडीत आयडलला साधारण १० किलोपास्कलच्या आत आणि २५०० आरपीएमवर २० च्या आत दाब असावा. त्याहून जास्त म्हणजे आत कुठेतरी वाट बुजली आहे, आणि भाग परत करायला हा आकडा फोटोसकट उपयोगी पडतो.

पहिल्या ३००-४०० किलोमीटरनंतर गाडी थंड असताना क्लॅम्प आणि फ्लँजचे नट पुन्हा एकदा बघा. जोडाभोवती काजळीची बारीक काळी कड उठली असेल तर तो जोड गळतोय. तेवढाच खोलून गॅस्केट सरळ करा.